दोन उंचीचा ओटा

मी ओटा. या घराच्या स्वयंपाकघरातला, काळ्या दगडाचा, दोन उंचीचा. दोन उंचीचा कसा झालो ते सांगेनच, पण आधी भिंगरीच्या आईचं सांगतो. कारण तेव्हा कितीतरी दिवस तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता आणि ते सगळ्यांत आधी मला कळलं होतं.

झोप न झालेलं माणूस ओट्याला सकाळी लगेच ओळखू येतं. ती चहाचं आधण ठेवायची आणि चहापूड टाकायला विसरायची. नुसतं साखरेचं पाणी खळखळ उकळत राहायचं आणि ती त्याच्याकडे बघत पुटपुटायची, "भिंगरी, आई आणि बाबा तुला एक गोष्ट सांगणार आहेत..." मग थांबायची. "नको. गोष्ट म्हटलं की ती विचारणार, राक्षस आहे का त्यात." पुन्हा पहिल्यापासून. "भिंगरी, कधीकधी मोठी माणसं असं ठरवतात की..." पुन्हा थांबायची. "शी! हे तर भाषण झालं."

घर वाटलं जाणार होतं. नवरा-बायको वेगळे होत होते. त्याची धास्ती तिला होतीच, पण झोप उडवली होती ती वेगळ्याच प्रश्नानं. घर कसं वाटायचं ते वकीलबाई सांगत होत्या. पण उद्या भिंगरीनं विचारलं, "मग मी कुणाच्या वाट्याला?" तर काय म्हणायचं? तिनं पुस्तकं आणली. एकात लिहिलं होतं, मुलांना असं काही जेवताना मुळीच सांगू नये. दुसऱ्यात होतं, शक्यतो जेवतानाच सांगावं. दोन्ही पुस्तकं माझ्यावर उघडी ठेवून ती बटाटे सोलायची, आणि शेवटी दोन्हींवर सालंच पडायची.

"सगळ्या आयांना हे जमतं," ती एकदा बटाट्याला म्हणाली, "मलाच जमत नाही."

मी दगड. मी काय बोलणार? पण सगळ्या आयांना जमतं, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

असो. माझा जन्म डोंगराच्या पोटातला. तिथून मला कापलं, घासलं, चकचकीत केलं आणि एका दुकानात भिंतीला टेकवून उभं केलं. लोक यायचे, मी कलिंगड असल्यासारखे बोटांनी टकटक करायचे आणि निघून जायचे. मग एक दिवस हे दोघं आले. तो एवढा उंच की दुकानाच्या दारातून वाकून आत आला. ती एवढी ठेंगणी की त्याच्या मागून आत आली ते आधी दिसलीच नाही. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ती दवाखान्यात आखडलेल्या मानांना आणि खांद्यांना व्यायाम शिकवायची. तेव्हा ती कुणाची आई नव्हती.

"घर घेतलंय," तिनं दुकानदाराला सांगितलं. "दोघांच्या नावावर. म्हणजे, दोघांनी मिळून." दुकानदारानं विचारलं नव्हतं.

"लवंगी, हाच घेऊ या," तो म्हणाला. "तू कितीही आदळआपट केलीस तरी टिकेल."

"माझं सोड, बांबू. तुझं डोकं वरच्या कपाटाला आपटणार आहे, ते टिकेल का बघ."

ते हसले आणि मी त्यांचा झालो. इतक्या साध्या रीतीनं आपण कुणाचे तरी होतो, याचं मला अजून नवल वाटतं.

स्वयंपाकघरात गवंडीकाकांनी वाळू-सिमेंट कालवून ठेवलं होतं. त्यांनी विचारलं, "ओटा कुणाच्या उंचीनं बांधू?"

"हिच्या," तो म्हणाला.

"ह्याच्या," ती म्हणाली.

"अगं, शेगडीपाशी तू उभी राहणार."

"आणि भांडी कोण घासणार? तू. वाकून वाकून कंबर धरली की माझ्याच दवाखान्यात येशील."

"मग फी देईन की."

"मी फी घेणार नाही. मी ओरडेन."

"ताई, दादा," गवंडीकाका म्हणाले, "तुमचं निवांत चालू द्या, मी चहा घेऊन येतो. पण हा कालवलेला माल आहे ना, तो काही तुमच्यासाठी थांबायचा नाही."

काका चहा पिऊन येईपर्यंत तोडगा निघाला होता. दोन उंच्या करायच्या. शेगडीकडची बाजू तिच्या मापाची, नळाकडची बाजू त्याच्या मापाची. म्हणजे मला मधोमध कापायचं! कापणाऱ्या चक्राचा तो आवाज आठवला तरी अजून माझ्या कडा शहारतात. वाटलं, संपलं. दुकानातून इतक्या दूर आलो आणि आल्या आल्या दोन तुकडे.

पण खरी गंमत पुढेच झाली, आणि ती फक्त मी पाहिली.

गवंडीकाकांची माप घ्यायची रीत साधी होती. माणसानं सरळ उभं राहायचं, हात कोपरात वाकवायचा, मग ते कोपराच्या जरा खाली भिंतीवर पेन्सिलनं खूण करायचे. आधी तो उभा राहिला. काका पेन्सिल शोधायला वळले आणि त्यानं हळूच गुडघे वाकवले. विजार ढगळ होती, कुणाला कळलं नाही. मग ती उभी राहिली. तिचा झगा पायघोळ होता. त्याच्या आत तिनं गुपचूप टाचा उचलल्या. मी तेव्हा दोन तुकडे होऊन जमिनीवर पडलो होतो, आणि जमिनीवरून माणसांचे पाय फार स्वच्छ दिसतात.

का केलं असेल त्यांनी असं? मला वाटतं, दोन बाजूंतलं अंतर फार दिसू नये, म्हणून. तिला आपण बुटकी आहोत असं रोज उठून वाटू नये, म्हणून तो खाली आला. त्याला आपण या घरात कुठेच मावत नाही असं वाटू नये, म्हणून ती वर गेली. एकमेकांना एक अक्षर न सांगता. आणि मी बांधला गेलो दोन उंचीचा, आणि दोन्ही उंच्या चुकलेला. त्याला बुटका, तिला उंच.

तरी सांगतो, माझे दिवस फार छान गेले. ती शेगडीपाशी सूप ढवळायची, तो नळापाशी भांडी विसळायचा, आणि दोघांची बडबड माझ्यावरून इकडून तिकडे जायची. रविवारी तो त्याच्या बाजूला पीठ मळून पाव भाजायचा, आणि आठवडाभर माझ्या फटींत पीठ सापडायचं. अक्रोड फोडताना त्यानं माझी एक कड उडवली. तिनं ओरडायच्या आधीच तो म्हणाला, "लवंगी, आवाज झाला ना, तो माझ्या बोटाचा होता." ती धावत आली. बोटाला काहीही झालं नव्हतं.

मग भिंगरी झाली. तिची पहिली आंघोळ माझ्यावर टब ठेवून. पहिल्या दिवसांत तिची आई तिला बोटांच्या टोकांनी इतकं जपून धरायची की मीच तिला धरून ठेवतो आहे असं मला वाटायचं. "पाणी गरम आहे का रे? नाही, गार आहे. नाही, गरमच आहे. बांबू, तू बघ." तो कोपर बुडवायचा. "मस्त आहे. मीच बसतो आता यात."

भिंगरी चालायला लागली आणि तिनं माझा खरा उपयोग शोधला. खालच्या बाजूवर बसायचं आणि वरच्या बाजूवर कोपरं टेकवायची. दोन्हींत वीतभराचं अंतर. तिच्या मापाचं खुर्ची-टेबलच झालं. तिथे बसून ती दूध प्यायली, अक्षरं गिरवली, रुसली, एकदा चक्क झोपलीही. दोन माणसांचं चुकलेलं माप तिसरीला कसं अचूक बसलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्याला कापलं याचं दुःख करणं मी तेव्हाच सोडून दिलं.

पण मोठ्यांचं दुखत होतं. तो भांडी घासताना पाय फाकवून उभा राहायचा, पाणी प्यायला वाकलेल्या जिराफासारखा. तिनं पायाखाली एक लाकडी पाट ठेवला होता.

"असा काय उभा राहतोस? नीट उभा राहा की."

"काही नाही. बरं वाटतं असं."

"हा पाट सारखा पायात येतो गं. उचलून ठेव ना."

"राहू दे. भिंगरीला लागतो."

"खांदा दुखतोय का तुझा?"

"काही नाही."

माझ्यावर जितकी भांडी ठेवली गेली नसतील तितके हे 'काही नाही' ठेवले गेले. आधी ओट्यापुरते होते. मग उशिरा येण्याबद्दल, न आलेल्या फोनबद्दल, सुजलेल्या डोळ्यांबद्दल. कुणी वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. एकमेकांचं मन राखता राखता त्यांनी मनातलं बोलणंच बंद केलं. आधी थट्टा गेली. मग 'लवंगी' आणि 'बांबू' गेले. पुढे तर भांडणंही गेली, आणि घरात नुसती सभ्यता उरली. "मीठ देतेस का?" "हो, घे ना." दोन पाहुण्यांसारखी.

वेगळं व्हायचं ठरलं तेही असंच सभ्यपणे. वकीलबाईही दोघांत मिळून एकच. त्यांनी सांगितलं, घर दोघांच्या नावावर आहे, तेव्हा विकून येईल ते अर्धं अर्धं घ्या, नाहीतर एकानं दुसऱ्याचा वाटा विकत घ्या. वाटा विकत घेणं दोघांनाही परवडणारं नव्हतं. म्हणजे विकायचंच.

सामानाची वाटणी माझ्यावरच झाली. उंच बाजूवर त्याचा ढीग, खालच्या बाजूवर तिचा. पातेली, सुऱ्या, बरण्या. "किसणी तू ने." "नको, तूच ठेव." ती बिचारी किसणी तीनदा इकडून तिकडे गेली. मग भिंगरीचा निळा पेला निघाला. दोघांचे हात एकदमच पुढे गेले आणि एकदमच मागे आले. पेला नळाखाली तसाच राहिला. त्यानंतर वाटणी पुढे सरकलीच नाही.

आणि एका दुपारी घराची किंमत ठरवायला एक गृहस्थ आले. हातात मोजपट्टी, चेहऱ्यावर घाई. भिंगरी शेजारच्या मावशींकडे खेळायला गेली होती. गृहस्थांनी खोल्या मोजल्या, खिडक्या उघडून बंद केल्या आणि स्वयंपाकघरात येऊन थबकले.

"हा ओटा असा का?"

"असाच आहे," दोघं म्हणाले.

"विचित्रच आहे हो. गिऱ्हाईक बिचकेल. हा तोडून एकसारखा करून घ्या, मग बघा."

तोडून! मला त्या चक्राचा आवाज ऐकू यायला लागला.

"हा उंच भाग कुणासाठी?"

"माझ्यासाठी," तो म्हणाला आणि सवयीनं पाय फाकवून उभा राहिला.

"नीट उभे राहा बघू. अहो, हा तर तुम्हाला चांगलाच बुटका पडतोय! आणि ताई, तुम्ही या. बघा, तुम्हाला हा उंच. खांदे कुठे गेलेत तुमचे, कानापाशी! दोन उंच्या केल्या आणि दोन्ही चुकवल्या. गवंडी अगदीच कच्चा दिसतोय तुमचा."

"गवंड्याची चूक नाही," तो म्हणाला.

"गवंडीकाकांना काही बोलू नका," ती त्याच क्षणी म्हणाली.

गृहस्थांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि "बरं, कळवतो मी" म्हणत निघून गेले. दार लागलं. दोघं आपापल्या बाजूला उभे, ती सवयीनं पाटावर.

"तू का म्हणालीस तसं?"

"तू का म्हणालास?"

"काही नाही."

हे शब्द माझ्यावर पडले आणि पहिल्यांदाच तसेच राहिले नाहीत. तो त्यांच्याकडे बघत असल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. मग मान हलवून म्हणाला, "नाही. आहे. माप घेताना मी गुडघे वाकवले होते."

"काय केलं होतंस?"

"गुडघे वाकवले होते. तुझी बाजू फार खाली दिसू नये म्हणून."

तिनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडते आहे. पण हाताआडून एक चमत्कारिक आवाज आला, आणि मग ती एवढी हसायला लागली की तिला माझा आधार घ्यावा लागला. "बांबू... अरे, मी टाचा उचलल्या होत्या!"

"काय?"

"टाचा! झग्याच्या आत! तुझी बाजू फार वर दिसू नये म्हणून!"

"म्हणजे तो पाट—"

"भिंगरीचा कुठला! आणि तू तो जिराफासारखा—"

"मग काय हौस म्हणून?"

"अरे, मग सांगायचंस ना!"

"तू सांगितलंस?"

"मी दिवसभर दवाखान्यात ओरडत असते," ती डोळे पुसत म्हणाली, "खांदे खाली सोडा, खांदे खाली सोडा. आणि घरी येऊन..." तिनं खांदे कानापर्यंत उचलून दाखवले.

किती महिन्यांनी हे स्वयंपाकघर हसलं! खरं सांगतो, मला वेडी आशा वाटली. पण हसणं ओसरलं तेव्हा दोघं आपापल्या बाजूलाच उभे होते, आणि वेगळं व्हायचं ते व्हायचंच आहे हे दोघांच्याही चेहऱ्यावर दिसत होतं. फक्त त्या चेहऱ्यांवरची सभ्यता गेली होती. पुन्हा ओळखीची माणसं झाली होती ती.

"घर विकायला नको," तो म्हणाला. "निदान भिंगरी मोठी होईपर्यंत. दोघांच्या नावावर आहे, राहू दे तसंच. तुम्ही दोघी इथे राहा. मी जवळच कुठेतरी खोली बघतो."

तिनं डोळे बारीक केले. "बांबू, तू परत गुडघे वाकवतोयस का?"

त्यानं खरोखरच खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "थोडेसे," तो म्हणाला. "थांब." आणि ताठ उभा राहिला, कपाटाला डोकं लागेल इतका. "मला भाडं जड जाणार आहे. तेव्हा इथली डागडुजी, कर, जे काही असेल ते तू बघायचंस. रविवारी भिंगरी माझ्याकडे. रविवार मी सोडणार नाही, ते आत्ताच सांगतो. आणि पुढे विकायचं झालं की अर्धं माझं. त्यात 'बघू' नाही."

"बास?"

"बास. आता तू. आणि टाचा टेकवून बोल."

पाटावरून ती खाली उतरली. फरशीवर उभी राहिली, आहे तेवढीच.

"मला एकटीनं इथे राहायची भीती वाटते. तरी मला हे घर हवंय. रविवार तुझा, कबूल. पण आजारी असली तर ती माझ्यापाशीच राहील. आणि..." तिचा आवाज बारीक झाला. "तिला हे सांगायला मला एकटीला जमत नाहीये. मी रोज सकाळी म्हणून बघते आणि रोज चुकते. तू शेजारी उभा राहा."

"राहतो," तो म्हणाला. "मला तरी कुठे जमतंय!"

वकीलबाईंनी पुढे हेच कागदावर उतरवलं म्हणे. पण ते ठरलं माझ्यावर, एका दुपारी.

एवढ्यात भिंगरी आली. आईचे डोळे लाल आणि बाबाचे दात बाहेर, हे बघून तिला काही उमजेना. "काय झालं?"

तिला दाखवावं लागलं. बाबानं गुडघे वाकवले, आईनं टाचा उचलल्या. "परत," ती म्हणाली. पुन्हा दाखवलं. "परत!" तिला हसून हसून उचकी लागली. आईनं निळा पेला विसळून त्यात पाणी दिलं. भिंगरी माझ्यावर चढून तिच्या जागी बसली, वरच्या बाजूवर कोपरं टेकवून. आईनं बाबाकडे पाहिलं. बाबानं मान हलवली.

"भिंगरी," आई म्हणाली. पाठ केलेलं सगळं ती विसरली, हे मला कळलं. "बाबा आता दुसऱ्या घरी राहणार आहे. जवळच. आम्ही दोघं एकत्र नाही राहणार. पण तुझे आम्ही दोघं आहोत, ते तसंच."

"दर रविवारी तू माझ्याकडे," बाबा म्हणाला. "पाव करू."

भिंगरीनं पाणी पिणं थांबवलं. तिच्या आईच्या दोन्ही हातांची बोटं माझ्या कडेवर घट्ट होती, उडालेल्या कपच्याच्या जागी. आता येणार तो प्रश्न, असं ती बोटं म्हणत होती.

त्याला आता बरेच दिवस झाले. मला कुणी तोडलं नाही. मी आहे तसाच आहे, दोन उंचीचा, दोन्हीकडून चुकलेला. भिंगरीच्या आईनं एक चांगला रुंद पाट आणला आहे आणि तो कुणासाठी आहे हे कुणी विचारलं तर ती सरळ सांगते, "माझ्यासाठी." तिचे खांदे खाली आले आहेत. चहात चहापूड पडते. कधीकधी संध्याकाळी ती उंच बाजूवर हात ठेवून उगाच उभी राहते, आणि तेव्हा ती रडते की नाही हे मी कुणाला सांगणार नाही. ओट्यानं काही गोष्टी आपल्यापाशी ठेवायच्या असतात.

मी सुखी आहे. ज्यांनी मला कापलं त्यांचा, बांधलं त्यांचा, माझ्यावर पीठ सांडलं, अक्रोड फोडले, लेकराला न्हाऊ घातलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे. माझं मागणं एवढंच. घर बांधताना कुणी तुमचं माप घ्यायला आलं, तर आहात तेवढे उभे राहा. दुसऱ्यासाठी वाकलात किंवा टाचा उचलल्यात, तर निदान त्याला सांगा. तो हसेल फार तर.

हां, पण भिंगरी काय म्हणाली ते सांगायचं राहिलंच.

तो प्रश्न तिनं विचारला नाही. आधी आईकडे पाहिलं, मग बाबाकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. पेला ठेवला, घसरून खाली उतरली आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. पाय जुळवलेले, गुडघे ताठ, टाचा फरशीला टेकलेल्या. हात कोपरात वाकवला.

"मग बाबाच्या घरचा ओटा माझ्या उंचीचा करायचा," ती म्हणाली. "घ्या माप. मी काही तुमच्यासारखी फसवत नाहीये."